अडवणाऱ्याचा निरोप

मराठवाड्यातल्या दैनिकात खो-खोची बातमी येते ती बहुतेक क्रीडा पानाच्या तळाशी, क्रिकेटच्या मोठ्या छायाचित्राखाली, दोन परिच्छेदांत उरकलेली. तरी ती लिहिण्याची एक जुनी रीत आहे आणि ती मला फार न्यायाची वाटते. आधी खेळाडूचं नाव, मग कंसात मिनिटं आणि सेकंद, आणि त्यानंतर गुण. म्हणजे ही मुलगी किती वेळ पळाली आणि सापडली नाही, हे आधी. तिने समोरचे किती गडी टिपले, हे मागून. लातूर-नांदेडकडच्या वाचकाच्या डोळ्यांना हा कंस इतका सवयीचा झाला आहे की त्यात त्याला काही विशेष दिसत नाही. पण बाकीच्या सांघिक खेळांच्या बातम्या शेजारी ठेवून पाहाव्यात. फुटबॉल असो, हॉकी असो, गोल करणाऱ्याचं नाव आणि गोलाचं मिनिट छापून येतं. गोल होऊ न देणाऱ्याच्या नावापुढे लिहायला कुणाकडे आकडा नसतो आणि आकडा नसला की नावही हळूहळू गळून पडतं. बचाव करणारा खेळाडू खेळ थांबवतो तेव्हा त्याच्या चाहत्यांनी त्याला कशाच्या आधारावर निरोप द्यायचा, हा प्रश्न या कंसापासूनच सुरू करावासा वाटतो.

खो-खोला हे जमलं याचं कारण त्या खेळाच्या घडणीत आहे. नऊ मिनिटांचा डाव, एका वेळी मैदानात तिघीजणी पळायला, आठजणी पाटीवर आळीपाळीने उलट-सुलट तोंड करून बसलेल्या आणि नववी पाठलागावर. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारीला दोन्ही मोकळं. साखळी पळती करणारी मुलगी बसलेल्यांमधून एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून सळसळत जाते. खो मिळालेली उठून धावायच्या आत ही पलीकडच्या अंगाला निघालेली असते. हूल देताना पाय एकीकडे आणि अंग दुसरीकडे. खांबाजवळ सगळ्यात मोठा धोका, कारण तिथे आक्रमक खांब धरून सगळं अंग झोकून देते आणि तिची बोटं अपेक्षेपेक्षा हातभर पुढे पोचतात. या धावपळीने पारंपरिक खो-खोत पळणारीच्या संघाला एकही गुण मिळत नाही. ती फक्त समोरच्यांचा वेळ खाते. पण तो वेळ मोजायला पंच घड्याळ घेऊन बसलेला असतो आणि म्हणून तिचं काम कागदावर उतरतं. हल्लीच्या झटपट खो-खोत ठरावीक वेळ टिकलेल्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुणही मिळू लागले आहेत. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी पहिला विश्वचषक जिंकला, महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीडची. त्या स्पर्धेतही नियम असेच होते. बचावाला थेट गुण देणं ही मोठीच सुधारणा आहे. तरी मला तो जुना कंसच जास्त बोलका वाटतो. गुण जिंकण्या-हरण्यात मिसळून जातात, दोन मिनिटं चाळीस सेकंद मात्र त्या मुलीच्या नावावर तशीच राहतात.

आता हॉकीकडे यावं, कारण नांदेडला हॉकी परकी नाही. गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाची गोल्ड अँड सिल्व्हर कप स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं भरते, देशभरातले संघ खालसा हायस्कूलच्या मैदानावर उतरतात आणि गुरुद्वाऱ्याच्या त्या शहराला स्टिकचा आवाज ओळखीचा आहे. अशा शहरातल्या प्रेक्षकालासुद्धा एक गोष्ट विचारून पाहावी. ३० सप्टेंबर २०२१ रोजी भारतीय संघाच्या दोन बचावपटूंनी एकाच दिवशी आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती जाहीर केली. टोकियोत चार दशकांनंतर मिळालेल्या ऑलिंपिक पदकाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि दोघेही त्या संघात होते. एक रुपिंदरपाल सिंग, २२३ सामने. दुसरा बीरेंद्र लाक्रा, २०१ सामने. रुपिंदरचं नाव काढलं की लगेच त्याची ड्रॅग फ्लिक आठवते, म्हणजे त्याने केलेले गोल आठवतात. लाक्रा पेनल्टी कॉर्नर मारत नसे. त्याने जे केलं ते सगळं आपल्या गोलापाशी, समोरच्याला वाट न देण्यात. ओडिशातल्या सुंदरगडचा हा खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने रिओ ऑलिंपिकला मुकला आणि पुन्हा उभा राहून टोकियोला पोचला. दोनशे सामने एका माणसाने बचावात काढले तर त्याने अडवलेल्या चालींची संख्या काही हजारांत भरायला हवी. त्यातली एखादी तरी नेमकी चाल किती जणांच्या ध्यानात आहे? दोष विसरणाऱ्यांचा आहे असं मी म्हणत नाही. विसरू नये यासाठी जी खूण लागते, ती अडवलेली चाल मागे ठेवतच नाही. गोल झाला की शिट्टी वाजते, फलक बदलतो, खेळ मध्यावरून पुन्हा सुरू होतो. चाल अडली की खेळ चालूच राहतो आणि पुढचा क्षण मागच्याला पुसून टाकतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की बचावपटूला चाहत्यांनी दिलेला निरोप ही कौतुकाची बाब नंतर आणि साक्षीची बाब आधी आहे. आक्रमण करणाऱ्याचे चाहते निरोपाच्या दिवशी आले नाहीत तरी त्याची कारकीर्द नोंदवहीत शाबूत राहते. प्रेक्षक तिथे फक्त उजळणी करतात. बचावपटूच्या बाबतीत नोंदवहीचं पान कोरं असतं आणि ते भरण्याइतका ऐवज फक्त पाहणाऱ्यांकडे असतो. त्याच्या कामाचा पुरावा माणसांच्या डोळ्यांत साठलेला आहे. निरोपाच्या दिवशी त्यांनी तो बोलून दाखवला नाही, तर तो त्यांच्याबरोबरच संपतो.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा आपल्याकडे जवळपास अनोळखी खेळ, पण या बाबतीत तो आपल्या पुढे आहे. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू. समोरचा उंच उडी मारून चेंडू झेलणार तेवढ्यात त्याच्या मागून मूठ पुढे काढून चेंडूला बुक्की मारायची आणि तो झेलाबाहेर उडवायचा, हे तिथल्या बचावपटूचं मुख्य काम. अशा बारीकसारीक अडवणुकींसाठी त्यांच्या आकडेवारीत ‘वन पर्सेंटर’ नावाचा स्वतंत्र रकाना आहे. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या सामन्यानंतर सहकारी खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेतात, प्रतिस्पर्धी दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभे राहतात. इतकं सगळं असूनही जीलाँगच्या मॅथ्यू स्कार्लेटची गोष्ट पाहावी. २०१२ मध्ये निवृत्त झालेला हा आपल्या पिढीतला नामांकित बचावपटू. पण त्याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा क्षण २००९ च्या अंतिम सामन्यातला आहे. गुणसंख्या बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि स्कार्लेटने जमिनीवरचा चेंडू बुटाच्या टोकाने ढकलून सहकाऱ्याकडे पोचवला. तिथून विजयाच्या गोलाची वाट उघडली. आयुष्यभर अडवत राहिलेल्या माणसाची आठवणही शेवटी गोलाला जोडली तेव्हाच टिकली. रकाना असलेल्या देशातही हे घडतं, तेव्हा नुसत्या रकान्याने काम भागत नाही हे उघड आहे.

यावर कुणी म्हणेल, आता सगळंच मोजलं जातं, साक्षीची गरज कुठे उरली? प्रो कबड्डी घ्या. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगने पकडीचा एकेक गुण खेळाडूच्या नावावर मांडला. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला ‘अव्वल पकड’ म्हणून जादा गुण दिला. यू मुंबाचं नेतृत्व केलेल्या इराणच्या फझल अत्राचलीने पकडींचे पाचशेहून अधिक गुण मिळवले आणि हा आकडा आपल्याकडची शाळकरी पोरंही सांगू शकतात. हा मुद्दा खरा आहे आणि या लीगने बचावपटूला मान आणि मोबदला दोन्ही मिळवून दिलं हेही खरं. पण मोजलं गेलं ते काय, हे बारकाईने पाहावं. चढाई करणारा बोनसला जातो तेव्हा त्याचा पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकतो आणि मागचा हवेत असतो. कोपऱ्यावरचा खेळाडू तो क्षण धरून खाली बसतो, घोटा पकडतो. तेवढ्यात शेजारचा कंबरेत शिरतो, दोघे-तिघे अंगावर पडतात आणि मध्य रेषेकडे ताणलेला हात मागे खेचला जातो. पकड चौघांची, गुण एकाच्या नावावर. शिवाय दुसरी एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही. महाराष्ट्राच्या गिरीश इरनाकसारखा जाणता कोपरारक्षक डाव्या अंगाला उभा असला की चढाई करणारे त्याच्या घोट्याच्या टप्प्यात यायचं टाळतात, उजवीकडूनच हात लांबवतात, तीस सेकंद काढून रिकाम्या हाताने परततात. ती रिकामी चढाई कुणाची कमाई? तक्त्यात तिथे शून्य असतं. कट्ट्यावर बसलेल्या, कबड्डी कळणाऱ्या माणसाला मात्र ते शून्य कुणामुळे आलं ते नेमकं ठाऊक असतं. मोजदाद जितकी वाढली तितकी या शून्याची साक्ष अधिक मोलाची झाली आहे, कारण आता आकडा नाही म्हणजे काम नाही असा समज पक्का होत चालला आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चाहत्यांची आठवण भरवशाची नसते. निरोपाच्या दिवशी सगळेच महान होतात, प्रत्येकजण ‘संघाचा आधारस्तंभ’ असतो, आणि एकाच्या निरोपाचं भाषण दुसऱ्याच्या निरोपाला जसंच्या तसं चालून जातं. हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना अशी भाषणं बचावपटूचं दुप्पट नुकसान करतात. नोंदवहीत तो नव्हताच, आता शब्दांतही उरत नाही. पण याचा उपाय आठवण टाकून देणं हा नाही, ती नेमकी करणं हा आहे. चेतेश्वर पुजाराने ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा निरोपाचा सामना झाला नाही. तरीही कित्येक चाहते ब्रिस्बेनचा २०२१ चा तो शेवटचा दिवस घेऊन पुढे आले: २११ चेंडूंत ५६ धावा आणि हेल्मेटवर, बोटांवर, बरगड्यांवर घेतलेले चेंडू. शतकांपेक्षा ते मार लोकांनी सांगितले. ही साक्ष नेमकी होती म्हणून ती कुणा दुसऱ्या फलंदाजाला चिकटवता येणार नाही.

आणि नेमकं सांगायचं तर चूकही सांगावी लागेल. बचावपटूची चूक लोक विसरत नाहीत, तिच्या मागचं-पुढचं मात्र विसरतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. पेनल्टी कॉर्नरवर गोलातून सुटून थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत जायचं, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर घ्यायची तयारी ठेवायची, हे काम संघात मुख्यतः त्याचं. तो बाहेर गेल्यावर भारत चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांत खेळला, सामना १-१ बरोबरीत ठेवला आणि शूटआउट ४-२ ने जिंकला. त्या चाळीस मिनिटांत गोलसंख्येत रोहिदास कुठेच नाही, पण प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला त्याची जागा दिसत होती. बंदीमुळे तो उपांत्य सामन्यालाही नव्हता आणि जर्मनीने तो सामना ३-२ ने घेतला. उद्या तो निवृत्त होईल तेव्हा लाल कार्ड वगळून त्याचा गौरव करणं हे खोटं ठरेल आणि फक्त लाल कार्ड सांगणं हे त्याहून खोटं. त्याच स्पर्धेत पी. आर. श्रीजेशला मात्र हवा तसा निरोप मिळाला. कांस्यपदक, सहकाऱ्यांचे खांदे, आणि वरिष्ठ संघातून त्याचा सोळा क्रमांक कायमचा मागे घेतला गेला. गोलरक्षक अडवतो ते सर्वांच्या डोळ्यांसमोर, हे त्याचं भाग्य. त्याच्यापुढच्या चौघांनी जे त्याच्यापर्यंत पोचूच दिलं नाही, ते इतक्या सहज दिसत नाही.

आणखी एक शंका आपल्याच मातीतून येते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा लोकांना निकाली कुस्ती हवी असते. नुसता अंग राखून, वेळ काढून बरोबरीत सोडवणाऱ्या पैलवानाची हुर्यो होते. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या हरिश्चंद्र बिराजदारांचा लातूर हा जिल्हा. इथल्या प्रेक्षकाला डाव कळतो आणि टाळाटाळही कळते. मग बचावाचं एवढं कौतुक कशाला, असं तो विचारू शकतो. मला वाटतं त्याची हुर्यो रास्त आहे आणि तरीही ती माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. कुस्ती टाळणारा खेळच नाकारतो. सांघिक खेळातला बचावपटू खेळाच्या अगदी तोंडावर उभा असतो. समोरचा सर्वस्व पणाला लावून येतो तिथेच त्याची जागा असते. फडातला जाणकार प्रेक्षकही पट काढायला आलेल्याचा डाव उलटवणाऱ्याला फेटा बांधतोच. तेव्हा त्याला बचाव आवडत नाही असं नाही. त्याला पळवाट आवडत नाही. हा फरक ओळखणारा डोळा ज्या गावांत आहे, तिथे बचावपटूच्या निरोपाला चांगले साक्षीदार मिळायला हवेत.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे खेळाडूला निवृत्तीचा दिवसच नसतो. लातूर, उदगीर, नांदेड, देगलूर, कुठल्याही चौकातले फलक पाहावेत. संघात निवड झाली, अभिनंदन. पदक मिळालं, अभिनंदन. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी लागली, हार्दिक अभिनंदन. खेळ थांबवला म्हणून लागलेला फलक सापडणं कठीण. पोरगा पोलीस भरतीला लागतो, मुलीचं लग्न ठरतं, गुडघा जातो, आणि पुढच्या स्पर्धेला त्या जागेवर दुसरं कुणी उभं असतं. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेचा गौरव झाला तो २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा. २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं होतं; खो-खोला दोन दशकांहून अधिक काळानंतर तो पुरस्कार मिळत होता आणि ती तोवर तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. पुरस्कार आला म्हणून सत्काराला निमित्त मिळालं. ज्यांना पुरस्कार नाही त्यांना निमित्तच नाही, आणि अशा खेळाडूंची संख्या प्रत्येक तालुक्यात मोठी आहे. उलट जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची सेवापूर्ती आपण किती मनापासून करतो. गाव मिरवणूक काढतं, सपत्नीक सत्कार होतो, जुने विद्यार्थी पुण्या-मुंबईहून येतात आणि एकेकजण उभं राहून सांगतो की गुरुजी घरी आले नसते तर माझी शाळा सातवीतच सुटली असती. गुरुजींनी काय होऊ दिलं नाही, हेच तिथे सांगितलं जातं. निरोपाची रीत आपल्याला नव्याने शिकावी लागणार नाही, ती घरची आहे. ती मैदानावर कधी आणली नाही, एवढंच.

निवृत्तीची तारीख नसेल तर ठरवून द्यावी लागेल. नांदेडच्या हॉकी स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी अर्धा तास, किंवा लातूरच्या एखाद्या कबड्डी स्पर्धेत उपांत्य आणि अंतिम फेरीच्या मधल्या वेळात, त्या भागातल्या खेळणं थांबवलेल्या बचावपटूंना मैदानात बोलवावं. शाल-श्रीफळ असो वा नसो. ध्वनिक्षेपक पाहुण्यांच्या हाती न देता प्रेक्षकांत फिरवावा आणि एकच अट घालावी, की विशेषण नको, प्रसंग सांगा: कुठली स्पर्धा, समोर कोण होतं, याने काय अडवलं, कुठे चुकला. एका पकडीबद्दल तिघांनी तीन तऱ्हेने सांगितलं तर तिघांनाही बोलू द्यावं, आणि ज्याने ती पकड केली त्याला शेवटी विचारावं की त्याच्या ध्यानात कोणती राहिली आहे. ती या तिघांनी सांगितलेल्यांतली असेलच असं नाही.